शेवटची तीन सेशन्स

आपल्याकडे कोणालाच पटकन निघता येत नाही. 'चला, निघतो आता' म्हणून पाहुणा सोफ्यावरून उठतो, दारात चपला घालताना थांबतो आणि खरा विषय तिथे निघतो. दोन तास पोहे-चहावर जे बोलणं झालेलं नसतं, ते उंबऱ्यावरच्या पाच मिनिटांत होतं. "अरे हो, ते फ्लॅटचं काय झालं रे? आणि धाकट्याचं जमलं का कुठे?" लिफ्ट येते, जाते, परत येते. त्यात 'जातो' म्हणायची सोय नाही. 'येतो' म्हणायचं! म्हणजे निघताना सुद्धा आपण परत यायचं प्रॉमिस देऊन निघतो.

घरी हे गोड वाटतं. माझ्या धंद्यात मात्र याने भलताच घोळ होतो.

धंदा म्हणजे कोचिंग. (क्लासेसवालं नव्हे हो! बारावीच्या आयांचे फोन मला अजूनही येतात. "मॅथ्सच्या बॅचेस कधी सुरू होणार?") माझ्याकडे तुमच्यासारखी नोकरी करणारी मंडळी येतात, दर पंधरवड्याला तासभर बोलतात आणि सहा महिन्यांत स्वतःचं काहीतरी एक बदलून जातात. निदान जावं अशी अपेक्षा असते. सुरुवात कशी करायची यावर आमच्याकडे पुस्तकांचा ढीग आहे. जॉन व्हिटमोर यांच्या १९९२ सालच्या 'कोचिंग फॉर परफॉर्मन्स'मुळे गाजलेला 'ग्रो'चा फंडा तर आता मॅनेजमेंटची पोरंही घडाघडा म्हणून दाखवतात. गोल, रिअ‍ॅलिटी, ऑप्शन्स, विल. चार अक्षरं, पण त्यात निरोपासाठी एकही नाही.

आणि माझं मत विचाराल, तर कोचिंग जमलं की नाही हे पहिल्या नऊ सेशन्समध्ये कळतच नाही. कळतं ते शेवटच्या तीनमध्ये.

एक उदाहरण सांगते. तिला विचारून लिहितेय आणि ओळखू येईल असं सगळं काढून टाकलंय. हिंजवडीला टेस्टिंग टीमची लीड. पहिल्या दिवशी फॉर्मवर तिने लिहिलं, 'मला कॉन्फिडंट व्हायचंय.' हा शब्द मी आदराने ऐकते आणि बाजूला ठेवते, कारण माणूस कॉन्फिडंट 'झाला' हे ओळखायचं कसं? बरीच खणाखणी केल्यावर खालून निघालं ते हे: रात्री साडेनऊच्या अमेरिकेच्या कॉलवर कोणी "शुक्रवारपर्यंत होईल ना?" असं विचारलं, की तिच्या तोंडून आपोआप "शुअर!" बाहेर पडायचं. होणार नाही हे माहीत असतानासुद्धा. मग शनिवार-रविवार तिची अख्खी टीम ऑफिसात, आणि हीसुद्धा, सगळ्यांना पिझ्झा मागवत, अपराधी चेहऱ्याने.

तेव्हा ठरलं असं, की जे होणार नाही ते त्याच कॉलवर सांगायचं, नंतर मेलमध्ये लपून नाही. बारा सेशन्स. आणि बाराव्याची तारीख पहिल्याच दिवशी दोघींच्या डायरीत.

तारीख आधी ठरवण्याची अक्कल माझी नाही. बोस्टनचे एक मानसोपचारतज्ज्ञ होते, जेम्स मान. त्यांनी १९७३ साली एक पुस्तक लिहिलं. पद्धत साधी होती: पेशंटला बाराच भेटी द्यायच्या आणि शेवटची तारीख सुरुवातीलाच सांगून टाकायची. शेवट डोळ्यांसमोर असला की माणूस टंगळमंगळ करत नाही, आणि निरोप हाही उपचाराचाच भाग होतो. आता कोचिंग म्हणजे काही थेरपी नव्हे, पण हा भाग मी सरळ उचललाय. खरं तर आपल्याला बोस्टनला जायचीही गरज नाही. घरचा गणपती दीड दिवसाचा, पाच दिवसांचा की दहा, हे आणायच्या आधीच ठरलेलं असतं. आणि शेवटच्या दिवशी आपण मूर्ती उचलून थेट नदीवर धावत नाही. आधी उत्तरपूजा होते, मूर्ती जागेवरच किंचित हलवली जाते, मग निघायचं. माझी शेवटची तीन सेशन्स म्हणजे ही उत्तरपूजा.

तर नवव्या सेशनपर्यंत बाईंनी तीन वेळा कॉलवर 'नाही' म्हणून दाखवलं होतं. सॉल्लिड खूश होती. आणि दहाव्याला आली ती उतरलेला चेहरा घेऊन.

"मॅम, मला वाटतंय मी जॉबच बदलायला हवा. शिवाय घरी लग्नाचं सुरू झालंय. आणि खरं सांगू का? बाबांशी मला आयुष्यात कधी नीट बोलताच आलेलं नाहीये."

आला दारातला विषय! थेरपीवाल्यांकडे याला नावसुद्धा आहे, 'डोअरनॉब'. माणूस दाराच्या मुठीवर हात ठेवून सगळ्यात महत्त्वाचं बोलतो, कारण आता त्यावर चर्चा होणार नाही याची त्याला खात्री असते. किंवा उलट: चर्चा व्हावी आणि जाणं टळावं म्हणून. कधी दोन्ही.

अशा वेळी दोन सोपे रस्ते असतात. एक, 'हा आपला टॉपिक नाही' म्हणून झटकून टाकायचं. हे क्रूर आहे. दुसरा, लगेच वही उघडून बाबांवर सुरू व्हायचं. हे क्रूर दिसत नाही, पण मग बारा सेशन्सची चोवीस होतात आणि पहिलं काम अर्धवटच राहतं. मी तिन्ही गोष्टी तिच्यासमोर कागदावर लिहिल्या आणि विचारलं, "यातलं काय उरलेल्या दोन सेशन्समध्ये बसेल?"

"काहीच नाही," ती म्हणाली. मग एकदम खुलून, "मग अजून दहा घेऊ या ना!"

इथे जरा पैशाचं बोलू. आमच्या धंद्यात पैशावर कोणी बोलत नाही, म्हणून मीच बोलते. सुखी क्लाएंट स्वतःहून पॅकेज रिन्यू करायला निघालेला असताना त्याला नको म्हणणं म्हणजे आपल्या ऑफिसच्या भाड्याला नको म्हणणं. नवीन क्लाएंट शोधायला जी मरमर लागते ती वेगळीच. कोचच्या तोंडातूनसुद्धा 'शुअर' आपोआपच बाहेर पडत असतं हो! म्हणून माझा नियम आहे: काम जोडून वाढवायचं नाही. ठरलेलं संपवायचं, मध्ये तीन महिने मोकळे सोडायचे, आणि तेव्हाही नवा विषय तसाच उभा असेल तर नव्याने बसायचं. माझ्या ओळखीतल्या काही कोचेसना हे पटत नाही. क्लाएंट मोठा माणूस आहे, त्याचे पैसे आहेत, त्याला ठरवू दे, असं त्यांचं म्हणणं. मुद्दा चुकीचा नाही. पण 'नाही म्हणता येत नाही' हीच तक्रार घेऊन आलेल्या माणसाच्या 'हो'वर आपण बिल फाडावं, हे मला झेपत नाही.

कोचेसची जी जागतिक संघटना आहे, १९९५ पासूनची इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन, तिने २०१९ साली कोचकडे काय काय यायला हवं याची यादी नव्याने केली. त्यात कोचिंगचं नातं संपवण्यावरही एक कलम आहे: क्लाएंटला सोबत घेऊन, झालेल्या प्रवासाचा मान राखून संपवा. बस. आता मान राखून म्हणजे शनिवारी सकाळी अकरा वाजता नेमकं काय करायचं, ते ज्याचं त्याने शोधायचं.

मी काय करते, तर हिशेब मांडायला लावते. "तुमच्यामुळे झालं मॅम," हे वाक्य दहाव्या सेशनला हमखास येतं. ऐकायला छान वाटतं, नाही कशाला म्हणू! पण ते तसंच ठेवलं तर माणूस माझ्या जिन्यावरून उतरताना सगळी कमाई माझ्याकडेच ठेवून जातो. म्हणून विचारलं, "पहिल्यांदा तू कॉलवर नाही म्हणालीस, त्या वेळी मी कुठे होते?" ती म्हणाली, "झोपला असाल." बरोबर! मग तूच काय काय केलंस, ते लिही. तिने लिहिलं. एक, कॉलच्या आधी टीमच्या तासांची एक्सेल शीट उघडी ठेवली. दोन, प्रश्न आल्यावर एक घोट पाणी प्यायची सवय लावली, म्हणजे 'शुअर'ला तोंडच मोकळं नाही. तीन, 'याच कॉलच्या शेवटी सांगते' हे वाक्य. यातलं एकही माझं नव्हतं. पाण्याची आयडिया तर तिच्या टीममधल्या एका ज्युनिअरची होती.

अकरावं सेशन मुद्दाम तीन आठवड्यांनी ठेवलं. शेवटाकडे अंतर वाढवत न्यायचं: दोन आठवडे, तीन आठवडे, मग पाच. सायकल शिकवताना मागचा हात एकदम काढत नाहीत, तसं. या सेशनचा विषय एकच: तू पुन्हा कधी घसरशील?

"नाही घसरणार," ती म्हणाली. सगळे हेच म्हणतात.

अमेरिकेत अ‍ॅलन मार्लट नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. व्यसनातून बाहेर पडलेल्यांवर त्यांचं काम. १९८५ साली ज्युडिथ गॉर्डन यांच्यासोबत त्यांनी जे पुस्तक काढलं, त्यात घसरण्याचे दोन प्रकार नीट वेगळे केलेत. एकदा पाय घसरणं वेगळं आणि पार तळाला जाऊन बसणं वेगळं. पहिल्यातून दुसरं होतं ते बहुतेक वेळा एका विचारामुळे: 'गेलंच ना सगळं, आता काय राहिलं!' डाएटवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. एक गुलाबजाम खाल्ला की माणूस म्हणतो, आजचा दिवस गेलाच, आण वाटी.

आणि ते 'एकवीस दिवसांत सवय लागते' पण डोक्यातून काढून टाका. त्याचं मूळ १९६०च्या एका पुस्तकात सापडतं आणि लेखक होते प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला किमान तितके दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढे लोकांनी 'किमान' गाळलं आणि चेहराही गाळला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २००९ साली आला. त्यात मधला आकडा निघाला ६६ दिवसांचा, आणि माणसागणिक फरक १८ पासून २५४ पर्यंत. मला त्यातली आवडलेली गोष्ट दुसरीच आहे: मधला एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही.

तर तिला घसरण्याचं टाइमटेबल लिहायला लावलं. कधी? 'रिलीजच्या आठवड्यात, कॉलवर व्हीपी असेल तेव्हा.' घसरलीस तर काय? 'दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या आत मेल. काल हो म्हणाले, आकडे पाहिले, एवढंच होईल.' आणि माझ्याऐवजी कोणाशी बोलशील? इथे पेन थांबलं. मग बाजूच्या टीममधल्या एका मैत्रिणीचं नाव लिहिलं गेलं.

पेन थांबलं कारण तोपर्यंत ती अवघड कॉलच्या आधी मला व्हॉट्सअ‍ॅप करायची. 'मॅम, काय म्हणू?' सुरुवातीला ठीक होतं. दहाव्यानंतर आम्ही ठरवलं, मेसेज कॉलच्या आधी नाही, नंतर. तिनेच सुचवलं होतं, बरं का.

मग तो बुधवार आला. रिलीजचा आठवडा, रात्री आठ चाळीस. मी टीव्हीसमोर मेथी निवडत बसलेले. मेसेज: 'आज व्हीपी आहेत कॉलवर. फक्त दहा मिनिटं फोन करू का? प्लीज.'

मला काही काम नव्हतं. फोन हातात होता, दहा मिनिटांनी माझं काही जाणार नव्हतं आणि तिला धीर आला असता, त्या रात्रीपुरता. मी लिहिलं, 'आपलं ठरलंय तसंच करू या. कॉल झाला की सांग. शीट उघडी आहे ना?' दोन निळ्या टिकल्या आल्या. उत्तर नाही. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पुढचा अख्खा आठवडा नाही.

एक मात्र इथेच सांगून टाकते, कारण हे वाचून कोणी भलताच धडा घ्यायला नको. मेसेज कॉलबद्दल होता म्हणून ठरलेलं पाळलं. तोच मेसेज 'रात्र रात्र झोप नाही, सगळं नको झालंय' असा असता, तर त्याच मिनिटाला फोन लावला असता. तिथे कसला करार! त्या वाटेवर कोचचं काम एवढंच, की माणसाला एकटं न सोडता योग्य ठिकाणी पोचवायचं. सरकारची टेली मानस हेल्पलाइन २०२२ पासून आहे, नंबर १४४१६, चोवीस तास आणि मराठीतही. सेव्ह करून ठेवा. स्वतःसाठी नसेल तर बाजूच्या क्युबिकलसाठी.

पाच आठवड्यांनी बारावं सेशन. येईल की नाही, मला शंका होती. आली. पहिली दहा मिनिटं वाकडच्या ट्रॅफिकवर गेली. मग म्हणाली, "मला तुमचा राग आला होता. दोन दिवस."

"सांग ना."

सांगितलं. बऱ्यापैकी झापलं म्हणा ना. मी पैसे भरते, मला एकदाच तुमची गरज होती, आणि तुम्ही शीटचं विचारता? मी मधे बोलले नाही, सॉरीही म्हटलं नाही. मनात मात्र म्हटलं, साडेनऊच्या कॉलवर सगळ्यांना सांभाळून घेणारी हीच का ती? समोरच्याला तोंडावर 'तुमचं मला पटलं नाही' म्हणतेय, आणि तेही जिला सहा महिने 'तुम्ही ग्रेट आहात मॅम' म्हणत होती तिला!

मग कॉलचं. व्हीपींनी तीन गोष्टी मागितल्या. पहिलीला ती नाही म्हणाली. दुसरीला, 'कॉलच्या शेवटी सांगते.' तिसरीला 'शुअर' निसटलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा चाळीसला मेल गेलं. व्हीपींचं उत्तर एका शब्दाचं: 'नोटेड.' टीमला शनिवारी यावं लागलं, रविवारी नाही. अप्रेझलमध्ये रेटिंग गेल्या वर्षीइतकंच. टाळ्या नाहीत, प्रमोशन नाही, सिनेमातल्यासारखं काहीच नाही.

"मेल कोणाला दाखवलंस पाठवायच्या आधी?" मी विचारलं.

"कोणालाच नाही. दाखवायला हवं होतं. 'रिसोर्स'चं स्पेलिंग चुकलं."

नंतर मी तिचा पहिल्या दिवसाचा फॉर्म काढून तिच्याकडूनच मोठ्याने वाचून घेतला. 'कॉन्फिडंट'पाशी तिला हसू आलं. माझ्या नोट्स मी तिच्यासमोर फाडल्या, तिची स्वतःची पानं तिच्या हातात दिली. विसर्जनाहून परत येताना पाटावर चिमूटभर माती आणतात ना, तेवढं न्यावं माणसाने. मूर्ती न्यायची नसते. तिला सेल्फी हवा होता, इन्स्टावर टाकायला. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "शुअर!" आणि मग आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारच्या सीएच्या ऑफिसातून कोणीतरी डोकावून गेलं.

ती स्वतःच्या खिशातून यायची, त्यामुळे मामला दोघींतच मिटला. कंपनी पैसे भरत असेल तर शेवटी एचआरला धरून तिघांची एक मीटिंग होते. तिथे माझ्याकडून फक्त किती सेशन्स झाली हा आकडा. बाकी काय सांगायचं, किती सांगायचं, ते क्लाएंट सांगेल. हे पहिल्याच दिवशी लेखी घ्यावं, शेवटी वाद नकोत. आणि तुम्ही नव्याने कोणाकडे जाणार असाल तर पहिल्या भेटीत 'हे संपणार कधी?' असं बेधडक विचारा. समोरून 'बघू या, जसं जाईल तसं' असं उत्तर आलं, तर चहा पिऊन घ्या आणि पाकीट खिशातच राहू द्या.

तीन महिन्यांनी वीस मिनिटांचा एक फोन आमचा आधीच ठरला होता. त्याच्या आदल्या दिवशी तिचा मेसेज आला: 'मॅम, उद्या टीमबरोबर राजगडला चाललेय. नंतर कधीतरी बोलू, चालेल ना?' मी लिहिलं, 'चालेल.' बाबांच्या विषयासाठी तिने जाताना काउन्सेलरची नावं मागितली होती, मी तीन दिली होती. ती कोणाकडे गेली का, ते मी विचारलेलं नाही.